सरांनी न पाहिलेलं वावर

सुरतेबाहेर कामरेजच्या चार रस्त्याजवळ खत-बियाण्यांच्या दुकानावर सरांचं ऑफिस होतं. जिना चढताना कीटकनाशकाचा वास नाकात जायचा आणि वर पोचेपर्यंत डोकं जड व्हायचं. सी.ए.च्या आर्टिकलशिपसाठी, म्हणजे सरांच्या हाताखालच्या तीन वर्षांच्या उमेदवारीसाठी, मी पहिल्यांदा तो जिना चढले, दारात उभी राहिले, आणि आत बसलेल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "कोणी पाठवलं?"

मी म्हटलं, कोणी नाही, कॉलेजच्या बोर्डवर तुमचं नाव वाचलं.

"मी कुठल्या बोर्डवर नाव दिलेलं नाही. कोणी लावलं?"

ते मला कसं ठाऊक असणार? पण माझा चेहरा असा झाला असावा की मीच ते लावलंय. त्यांनी मग माझं गाव विचारलं, सुरतेत कुठे राहता विचारलं, वडील काय करतात विचारलं. मी सांगितलं, डिंडोलीला राहतो, आबा लूम्सच्या कारखान्यात माग सांभाळणारे मास्तर आहेत, मूळचे आम्ही धुळ्याकडचे.

"घरात अहिराणी बोलता?"

"हो."

"नीट येते, की नुसती लग्नात गाणी म्हणण्यापुरती?"

मी म्हटलं, नीट येते. अकाउंट्सचा एकही प्रश्न न विचारता ते म्हणाले, "उद्यापासून ये. डबा आणायचा. आपल्या कुठल्याही पार्टीकडे चहा प्यायचा नाही, पाणीसुद्धा नाही." मी जिना उतरले तेव्हा मला नोकरी मिळाल्याचा आनंद कमी आणि हा माणूस काय भानगड आहे याची धास्ती जास्त होती.

खरं तर मला तिथे जायचंच नव्हतं. सुरतेतले मोठे सी.ए. कापड मार्केटच्या बाजूला बसतात, एसी लावतात, आणि त्यांच्याकडे आर्टिकल म्हणून लागायला ओळख लागते. ती आमच्याकडे नव्हती. मैत्रिणी हसल्या. म्हणाल्या, शेतकऱ्यांना इन्कम टॅक्सच नसतो, मग तू तिथे करणार काय? मलाही तेच वाटत होतं. पुढे कळलं की टॅक्स नसतो हीच सगळ्या कामाची सुरुवात आहे. सुरतेत ज्याच्याकडे पैसा जास्त होतो त्याला एकदम आपल्या शेतीची आठवण येते. न पिकलेला ऊस कागदावर पिकतो, न लागलेली केळी विकली जातात, आणि मार्केटमधला काळा पैसा शेतातून पांढरा होऊन बाहेर पडतो. अशा लोकांची आणि खऱ्या शेतकऱ्यांची कागदपत्रं दिसायला सारखीच असतात. सरांचं सगळं आयुष्य ती वेगळी करण्यात गेलं.

दिसायला अगदी साधे. पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन, पायात चपला. मूळचे तेही खानदेशातले, दोंडाईच्याकडचे, पण कामरेज पट्ट्यात इतकी वर्षं काढलेली की ऊसवाले पटेल त्यांना आपल्यातलेच समजत. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन वडोदऱ्याला. ऑफिस आणि त्यामागची एक खोली एवढाच त्यांचा संसार. संशय मात्र मोठ्या कुटुंबाला पुरेल एवढा. ऑफिसला कुलूप लावताना ते कडीत आगकाडी अडकवून ठेवायचे, कोणी मागे दार उघडलं तर ती पडलेली दिसावी म्हणून. सुरुवातीच्या दिवसांत टेबलाचा ड्रॉवर मुद्दाम अर्धा उघडा ठेवून बाहेर जायचे आणि परत आल्यावर आधी त्याच्याकडे बघायचे. मी एकदा तो सरळ बंद करून ठेवला. त्यावरून दोन दिवस बोलले नाहीत. हात लावला म्हणून की त्यांचा सापळा मोडला म्हणून, ते मला कधी समजलं नाही.

गावाला जायचं तर रिक्षावाल्याला खरं गाव सांगायचे नाहीत. एका गावाचं नाव घेऊन निघायचं आणि मध्येच "आता डावीकडे घे" म्हणायचं. रिक्षावाला नेहमीचाच, त्याला दोन्ही गावं पाठ. तो हसायचा आणि डावीकडे घ्यायचा. मी एकदा विचारलं, त्याला कळलं तर बिघडतं काय? तर म्हणाले, "याचा मेव्हणा त्या गावात आहे. हा फोन करील. आपण पोचेपर्यंत सुकलेल्या उसालाही पाणी दिलेलं असेल."

मला ते वेड वाटलं होतं. मग केळीची गोष्ट झाली.

मार्केटमधला एक कापडवाला व्यापारी सरांकडे आला होता. मोठा माणूस, बोटात अंगठ्या. त्याने नदीकडच्या गावात जमीन घेतली होती आणि केळीचं भरघोस उत्पन्न दाखवायचं होतं. सर म्हणाले, "चला, केळी बघू." तो खुशीत घेऊन गेला. बाग होतीही सुंदर. घड असे लोंबलेले, खाली ठिबकच्या नळ्या, सगळं व्यवस्थित. मला तर खात्री पटली. सरांनी एकदाही वर बघितलं नाही. त्यांनी पंपाचं लाइट बिल मागितलं. व्यापारी म्हणाला, ते घरी आहे. मग सर मला हळूच म्हणाले, "तिकडे पलीकडे ऊसतोडीवाल्यांच्या झोपड्या आहेत. जा, बायकांशी बोल. मी गेलो तर मुकादमाला वाटेल वसुलीला आलो."

आमच्याकडे उसाच्या सिझनला तोडीला येणारी बरीच माणसं खानदेशातली. मी गेले, एक म्हातारी चुलीवर भाकरी टाकत होती, तिच्याशी घरच्यासारखं बोलले. तुम्ही कुठल्या, आम्ही कुठल्या, असं झालं. मग सहज विचारलं, ती केळी कोणाची? तिने सहज सांगितलं, शेजारच्या पटेलची. आणि या शेटची? तिने हातातल्या भाकरीसकट बांधाच्या पलीकडे बोट दाखवलं. तिथे वेडी बाभूळ माजली होती.

मी येऊन सरांच्या कानात सांगितलं. ते रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. व्यापाऱ्याला म्हणाले, "शेठ, तुमच्या बाभळीचं उत्पन्न किती लिहू?" तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सी.ए.कडे गेला, आणि तिथे त्याचं काम झालंही असेल. मला मात्र त्या दिवशी कळलं की मला अकाउंट्ससाठी नाही, अहिराणीसाठी ठेवलं आहे. आधी राग आला. परतीच्या रिक्षात थोडा गर्वही वाटला, ते खोटं कशाला बोलू?

ऊस, केळी, भेंडी, दुधाच्या मंडळ्या, पाण्याच्या मंडळ्या, म्हणजे तिकडच्या सहकारी संस्था, सगळं मी त्या रिक्षात बसून शिकले. लावणीचा ऊस किती उतरतो आणि खोडवा किती, म्हैस आटते कधी, भेंडीचा भाव सकाळी किती आणि दुपारी किती. हे माहीत नसलेल्या अकाउंटंटने शेतीच्या उत्पन्नाच्या रकान्याला हात लावू नये, असं ते म्हणायचे. आज मी याच पट्ट्यात स्वतःचं ऑफिस चालवते, तेव्हा नव्या मुलांना पहिला आठवडा कॉम्प्युटरला हात लावू देत नाही. मुलं कुरकुरतात. करू देत.

ओटीपीचं त्यांचं प्रकरण तर गावोगाव गाजलेलं होतं. आमच्या धंद्यात बहुतेक जण काय करतात, शेतकऱ्याच्या टॅक्सच्या खात्याला स्वतःचाच मोबाइल नंबर जोडून टाकतात. शेतकऱ्याला कटकट नको असते आणि अकाउंटंटला त्याच्यामागे पळायचं नसतं. सर तसं करत नसत. ओटीपी शेतकऱ्याच्याच फोनवर गेला पाहिजे. सर फोन करून सांगायचे, तुम्हाला एक नंबर आला असेल. तो बिचारा चिखलात उभा, एका हातात फोन धरून घडाघडा नंबर वाचून दाखवायचा. सर फोन कट करायचे. परत लावायचे. तो परत वाचायचा, सर परत कट करायचे. शेवटी वैतागून तो विचारायचा, "पण साहेब, शेनो ओटीपी?" म्हणजे कसला ओटीपी. तेव्हा सर कुठल्या कामाचा तो नीट समजावून सांगायचे आणि मगच नंबर लिहून घ्यायचे. विचारल्याशिवाय दिलेला नंबर ते घेतच नसत. पोरं सरांना रस्त्यात बघून "शेनो, शेनो" ओरडायची. सरांना त्याचं काही वाटत नसे. उलट मला म्हणायचे, "पोरांना विचारता येतं, बापाला येत नाही."

हे सगळं ऐकून कोणालाही वाटेल की माणूस विक्षिप्त पण चोख. मला तसं वाटत नव्हतं. मी तेव्हा त्यांच्यावर संशय घेत होते आणि त्याला कारण होतं.

एका गावात बायकांची दूध मंडळी होती. तिथलं काम सरांनी मला स्वतंत्रपणे बघायला दिलं होतं. मी खुशीत गेले. मंडळीच्या प्रमुख म्हणजे एक जाड भिंगाच्या चष्म्याच्या, म्हशींच्या तालमीत तयार झालेल्या बाई. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि सरळ सांगितलं, "बेन, खोटुं नहीं लगाडता. साहेबे कह्युं छे के तमारा पर भरोसो नहीं राखवानो." वाईट वाटून घेऊ नका, साहेबांनी सांगितलंय, तुमच्यावर भरवसा ठेवायचा नाही.

मी तशीच परत आले. जिना चढले आणि उभ्या उभ्या विचारलं, सर, तुम्ही असं सांगितलं?

"सांगितलं."

"मी काय केलं?"

"अजून काही नाही."

"मग?"

"माझ्याबद्दलही तेच सांगितलं आहे. तिथे काम घेतलं तेव्हापासून दर वर्षी सांगतो. विचारून ये."

मी खरोखर विचारायला गेले, कारण एव्हाना मीही तशीच झाले होते. प्रमुखबाई हसून म्हणाल्या, हो, दर वार्षिक सभेत उभे राहून सांगतात की माझ्यावर विश्वास ठेवू नका, माझं काम तपासून घ्या. आम्हाला आधी वाटलं डोक्याने कमी आहेत.

घरी ही हकीकत सांगितली तेव्हा आई हसली. आबा हसले नाहीत. आबांनी आयुष्यभर लूम्सच्या शेठ लोकांकडे काम केलेलं, त्यांचा अनुभव वेगळा. म्हणाले, "आपल्यावर विश्वास ठेवू नका असं बोंबलत फिरणारा माणूस मी पाहिला नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. तुझी तीन वर्षं त्याच्या सहीवर आहेत. उद्या तो अडकला तर त्याच्याकडे शिकलेली म्हणून तुला कोण उभं करील?" डिंडोलीच्या आमच्या गल्लीत तोवर कोणी सी.ए.च्या वाटेला गेलं नव्हतं. आबांनी ओव्हरटाइम करून माझे क्लास लावले होते. ते बोलले ते माझ्या मनात बसलं आणि पुढे बरेच महिने गेलं नाही.

तिसऱ्या वर्षी सरांनी स्वतःचं रिटर्न मला भरायला दिलं. त्यात शेतीच्या उत्पन्नाचा रकाना होता. दोंडाईच्याकडे नदीकाठी त्यांचं वडिलोपार्जित वावर, कापूस आणि भुईमूग. धाकटा भाऊ कसतो, दर वर्षी सरांचा हिस्सा पाठवतो. मी मागची वर्षं काढून बघितली. कापसाचा भाव दर वर्षी खाली-वर होतो, एखाद्या साली बोंडअळी येते, एखाद्या साली पाऊस दगा देतो. सरांच्या वावरात यातलं काही होत नव्हतं. आकडा जवळजवळ तोच.

मी विचारलं, "सर, पंपाचं बिल?"

"नाही."

"कापूस विकल्याची पावती?"

"भाऊ बघतो ते."

"तुम्ही शेवटचं कधी गेला होता तिकडे?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "रकाना भर."

मी भरला नाही. काहीतरी सबब सांगून फाइल बाजूला ठेवली. हा माणूस परक्या बागेत जाऊन लाइट बिल मागतो, आणि स्वतःच्या वावराचं नाव निघालं की टोपण लावतो. आबांचे शब्द डोक्यात फिरू लागले.

सिझन चालू होता. त्याच आठवड्यात दुसऱ्याच एका कामासाठी उसाच्या फडात गेले होते, तिथे तोडीची एक टोळी उतरली होती. दोंडाईच्याकडची माणसं आहेत म्हणून कळलं आणि मला राहवलं नाही. एका बाईला सरांच्या गावाचं नाव सांगितलं. ती त्याच गावची निघाली. मी सरांच्या आडनावाने नदीकाठच्या वावराची चौकशी केली, यंदा कापूस कसा होता म्हणून.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कसाना कापूस, ताई? तठे वावर कोठे शे? तठे ते इटासनी भट्टी शे. माटी खोदी खोदी खड्डा पडी गया. उस सरना की आम्हीच तठे इटा पाडाले जातस."

तिथे वावरच नव्हतं. विटांची भट्टी होती, आणि ऊस संपला की हीच माणसं तिथे विटा पाडायला जात होती. मी तशीच बांधावर बसले. शेतातली माती भट्टीला विकून आलेला पैसा शेतीचं उत्पन्न होत नाही, हे मला सरांनीच शिकवलं होतं. कापडवाल्याची बाभूळ आणि सरांची भट्टी यात फरक काय राहिला?

घरी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "ऐकीव गोष्टीवर माणसाला चोर म्हणू नये. बघून येऊ." रविवारी आम्ही दोघे उधन्याच्या स्टेशनवरून गाडीत बसलो आणि दोंडाईच्याला उतरून पुढे जीपने गेलो.

बाई खरं बोलली होती. नदीच्या काठाने माणूस बुडेल एवढा खड्डा, लांबवर पसरलेला. त्याच्या मधोमध एक विहीर उंचवट्यावर उरली होती, आजूबाजूची माती गेल्यामुळे ती एखाद्या बुरुजासारखी वर आलेली. पलीकडे विटांचे थर आणि धूर. खाटेवर एक गृहस्थ बसले होते. सरांसारखंच कपाळ, सरांसारखेच कान, फक्त उन्हाने रापलेले. मी विचारलं, हे वावर कोणाचं?

"आमचंच," ते म्हणाले. "माझं आन माझ्या दादांचं. दादा सुरतकडे मोठे सायब आहेत." मग त्यांनी उठून आम्हाला खाटेवर जागा केली आणि विचारलं, "विटा पाहिजेत का?"

आबा परतीच्या वाटेवर एवढंच बोलले, "सोड ते ऑफिस."

सोमवारी मी ऑफिसला गेले ती मनाशी भांडण ठरवूनच. सर आले, आगकाडी तपासली, बसले. मी म्हटलं, "सर, मी तुमच्या वावरात जाऊन आले."

मला वाटलं, ओरडतील किंवा हाकलून देतील. त्यांनी नेहमीसारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली, जसे दुसऱ्या कुणाच्या शेतावरून आल्यावर विचारायचे. कोणाबरोबर गेलीस? कोणी सांगितलं? स्वतः पाहिलंस की बांधावरून? मी सांगत गेले. भट्टी, विटा, खड्डा.

"किती खोल?"

"माणूस बुडेल एवढा."

"विहीर?"

"आहे. नुसती विहीरच आहे."

"विहिरीजवळ आंबा?"

"आंबा नव्हता, सर."

त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. तेवढ्यात खालून कोणीतरी शेतकरी जिना चढून आला, त्याला त्यांनी हातानेच उद्या ये म्हणून सांगितलं. असं त्यांनी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "हे खोटं आहे. मला शंका होती. दर वर्षी तोच आकडा येतो, मी काय आंधळा आहे? म्हणून तर गेलो नाही."

मी म्हटलं, "सगळ्यांच्या शेतात जाता तुम्ही."

"वडील गेले तेव्हा मी अकरावीत होतो. तो सातवीत. एकानेच शिकता येईल एवढं होतं. मास्तर म्हणाले धाकटा हुशार आहे. ते खरंच होतं. त्यानेच दप्तर कोनाड्यात ठेवलं आणि बैल हाणायला गेला. मला म्हणाला, दादा, तू शिक, वावर मी बघतो." त्यांनी चष्मा शर्टाला पुसला. "त्याने मला पावती मागितली नाही. मी त्याला पंपाचं बिल कोणत्या तोंडाने मागू?"

मला रडू आलं. तिथेच, त्यांच्यासमोर. आणि त्याच वेळी डोक्याचा एक कोपरा म्हणत होता की हे तुला विरघळवण्यासाठी सांगत असतील. तो कोपरा मला त्यांनीच दिलेला आहे आणि अजून आहे.

त्यांनी चष्मा घातला. आवाज पुन्हा नेहमीचा. "शेतीचा रकाना कोरा सोड. जे आलं ते इतर उत्पन्नात दाखव. मागची जेवढी वर्षं दुरुस्त करता येतात तेवढी दुरुस्त कर, वर जादा कर बसेल तो मी भरीन. त्याआधीचं कायद्याने उघडता येत नाही, ते ओझं माझ्याकडे राहील." मग म्हणाले, "तुला दुसरीकडे जायचं असेल तर आजच पत्र देतो. चांगलं देतो. आणि राहणार असशील तर माझ्या प्रत्येक रिटर्नला यापुढे अशीच बघत जा."

मी राहिले. रिटर्न दुरुस्त झाले, कर भरला गेला, चलन मी स्वतः बघितलं. घरी सांगितलं तर आबा म्हणाले, "तुला दाखवायला भरला असेल." पण सोड ते ऑफिस, असं पुन्हा म्हणाले नाहीत.

एक गोष्ट सरांनी मला बजावली होती. भावाला यातलं काही कळता कामा नये.

दिवाळीनंतर तो भाऊ आला. दरवर्षी येत असावा, मी नेमकी तेव्हा ऑफिसात नसायचे. खांद्यावर पोतं घेऊन जिना चढला, धापा टाकत पोतं खाली ठेवलं, सरांच्या पाया पडला आणि वर उठताना त्याला मी दिसले. त्याने मला लगेच ओळखलं. खाटेवर जागा करून दिलेली पोरगी आणि तिचा बाप, विटा न घेता गेलेले. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो माझ्याकडे बघू लागला, मी कधी तोंड उघडते म्हणून. मी कीबोर्डकडे बघत राहिले.

सरांनी हे सगळं पाहिलं. त्यांच्या नजरेतून काही सुटणं शक्यच नव्हतं. त्यांनी भावाला स्वतःची खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसले, आणि विचारलं, "कापूस कसा आहे यंदा?"

भावाने माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं.

"अरे, कापूस कसा आहे?"

"बरा आहे, दादा," तो म्हणाला.

"आणि भुईमूग?"

"शेंगा आणल्यात." त्याने पोत्याकडे हात केला. पोत्याचं तोंड व्यापाऱ्याकडे असते तशा मशीनच्या शिलाईने बंद केलेलं होतं. शेतातून आलेल्या पोत्याला सुतळी असते, हे मलासुद्धा कळत होतं.

सरांनी कात्रीने ती शिलाई कापली. मूठभर शेंगा काढल्या, एक फोडली, दाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिले. मग भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आपल्या वावरातल्या शेंगांना वेगळीच चव असते," ते म्हणाले. भाऊ खाली बघून रडू लागला आणि सरांनी त्याला का रडतोस म्हणून विचारलं नाही.

निघताना सरांनी मलाही पिशवी भरून दिली. "घरी ने. आमच्या वावरातल्या आहेत."

डिंडोलीला पोचले तर आबा नुकतेच कारखान्यातून आले होते. आईने पिशवी उघडली, शेंगा ताटात ओतल्या आणि विचारलं, कोणी दिल्या?

"सरांच्या वावरातल्या आहेत," मी म्हटलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या खड्ड्याच्या काठावर ते माझ्या शेजारी उभे होते. मी नजर खाली घेतली नाही. ते ताटाशी येऊन बसले, एक शेंग फोडली, दोन दाणे आईच्या हातावर ठेवले.

"गोड शेतस," आई म्हणाली.

"काळी माटीन्या शेतस," आबा म्हणाले. "गोडच ऱ्हातीन." आणि त्यांनी दुसरी शेंग फोडायला घेतली.